मिसिसिपीचा शिष्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा उघडला, की उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलेली एक लांबलचक निळी रेषा आपले लक्ष वेधून घेते. ही मिसिसिपी नदी होय. मिनेसोटा राज्यातील इटास्का नावाच्या एका लहानशा सरोवरातून ती उगम पावते आणि सुमारे पावणेचार हजार किलोमीटरांचा प्रवास करून मेक्सिकोच्या आखातास मिळते. मिझुरी, ओहायो यांसारख्या मोठमोठ्या नद्या वाटेत तिच्या पोटात सामावतात. आगगाडीचे जाळे पसरण्यापूर्वी हीच नदी त्या देशाचा राजमार्ग होती. कापूस, धान्य, टपाल आणि माणसे यांची ने-आण तिच्यावरून चाले. उत्तरेकडील लाकूडतोडे तोडलेल्या ओंडक्यांचेच विशाल तराफे बांधीत, त्यांवर झोपड्या उभारीत, आणि तेथेच रांधीत, जेवीत व निजत प्रवाहाबरोबर खाली जात.

या नदीच्या काठी एक मुलगा लहानाचा मोठा झाला. पुढे तो जगप्रसिद्ध लेखक झाला आणि मार्क ट्वेन या नावाने सर्वांना परिचित झाला. परंतु हे नाव त्याच्या आईवडिलांनी ठेवलेले नव्हे. ते त्याला नदीने दिले, आणि ते देण्यापूर्वी नदीने त्याच्याकडून फार मोठे मोल घेतले.

या मुलाचे खरे नाव सॅम्युएल क्लेमेन्स. घरी त्याला सॅम म्हणत. ३० नोव्हेंबर १८३५ रोजी मिझुरी राज्यातील फ्लॉरिडा नावाच्या एका खेड्यात त्याचा जन्म झाला. तो चार वर्षांचाही झाला नव्हता तोच त्याचे कुटुंब मिसिसिपीच्या काठी हॅनिबल या गावी राहावयास गेले. हॅनिबल हे तसे सुस्त गाव. दुपारच्या उन्हात दुकानदार खुर्च्या भिंतीला टेकवून डुलक्या घेत आणि रस्ते ओस पडत. मग दूर नदीच्या वळणावर काळ्या धुराचा लोट दिसे. आगबोट येत असल्याची आरोळी उठताच क्षणात सारे गाव जागे होई. गाड्या धक्क्याकडे धावत, माणसांची गर्दी उसळे. दोन उंच धुरांडी मिरवीत, चाकांनी पाणी घुसळीत आगबोट धक्क्याला लागे. दहा मिनिटांत माल उतरे, माल चढे, बोट निघून जाई, आणि गाव पुन्हा निद्रिस्त होई. परंतु गावातील मुलांची झोप मात्र उडालेली असे. आपण मोठेपणी आगबोटीवर काम करावयाचे, हीच प्रत्येकाची आकांक्षा होती.

त्या काळी मिझुरी राज्यात गुलामगिरी चालत असे. काळ्या वर्णाची माणसे गुराढोरांप्रमाणे विकली जात, आणि त्यात काही वावगे आहे असे गावातील प्रतिष्ठितांना वाटत नसे. सॅमच्या काकांच्या शेतावर गुलाम म्हणून राबणारा एक प्रौढ गृहस्थ होता. रात्री चुलीपाशी मुलांना गोळा करून तो सुरस गोष्टी सांगे. त्याचा प्रेमळपणा आणि शहाणपणा सॅमच्या मनावर कायमचा ठसला.

१८४७ मध्ये सॅमचे वडील वारले. तेव्हा तो अवघा अकरा वर्षांचा होता. घरची स्थिती बेताची असल्यामुळे थोड्याच काळात शाळा सुटली आणि तो एका छापखान्यात उमेदवार म्हणून राहिला. शिशाचे खिळे जुळविता जुळविता त्याचे वाचन वाढले. पुढे थोरल्या भावाच्या वर्तमानपत्रातही त्याने जुळाऱ्याचे काम केले. १८५३ मध्ये त्याने गाव सोडले आणि सेंट लुईस, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांतून तो छापखान्यांत काम करीत हिंडला.

१८५७ साली, एकविसाव्या वर्षी, दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीवर जाऊन नशीब काढावे असा बेत करून तो एका आगबोटीत बसला. परंतु त्या बोटीवर त्याला बालपणीचे स्वप्न पुन्हा भेटले. बोटीच्या माथ्यावरील काचेच्या खोलीत उभा राहून भले थोरले चाक फिरविणाऱ्या पुरुषाला तिकडे पायलट म्हणत. हॉरेस बिक्सबी हे त्या बोटीचे पायलट होते. सॅमने त्यांची मनधरणी केली. शेवटी पाचशे डॉलर गुरुदक्षिणा घेऊन, सेंट लुईसपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंतची नदी शिकविण्याचे बिक्सबींनी कबूल केले. पहिले शंभर डॉलर सॅमने आपल्या मेहुण्यांकडून उसने घेऊन भरले, आणि उरलेले पुढे कमाईतून फेडावयाचे ठरले.

एवढी रुंद नदी, तिच्या मधोमध बोट ठेवली म्हणजे झाले, असे सॅमला वाटले होते. ही त्याची समजूत लवकरच मावळली. मिसिसिपी ही गाळाची नदी. तिचा तळ आज एक तर उद्या दुसरा. जेथे काल खोल पाणी होते, तेथे आज वाळूची पुळण वर येई. काठावरची झाडे उन्मळून पाण्यात पडत आणि त्यांचे ओंडके तळाशी रुतून भाल्यांप्रमाणे उभे राहत. त्यांवर आदळली तर बोटीचे लाकडी तळ फाटून जाई. कधी पूर आला, की एखाद्या लांब वळणाची मान कापून नदी नवी वाट काढी, आणि धक्क्यावरचे गाव रातोरात नदीपासून दूर पडे. त्या काळी पाण्यावर खुणेचे पिंप नव्हते, काठावर दिवे नव्हते. रात्र असो वा धुके असो, शेकडो प्रवाशांचे प्राण एका माणसाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असत. म्हणूनच बोट एकदा धक्का सोडून निघाली, की ती कशी न्यावी याविषयी प्रत्यक्ष कप्तानही पायलटला हुकूम करीत नसे.

पहिल्याच फेरीत बिक्सबी एकेका ठिकाणाचे नाव सांगत गेले. सॅमने ती नावे ऐकली आणि सोडून दिली. दुसऱ्या पाळीत गुरूंनी त्यांतील पहिलेच ठिकाण विचारले, तेव्हा त्याला एकही नाव आठवेना. बिक्सबी कडाडले. मग राग शांत झाल्यावर त्यांनी त्याला एक टिपणवही घ्यावयास सांगितले आणि नदी ही मुळाक्षरांप्रमाणे पाठ करावयाची असते, हे बजावले. सॅम वही भरू लागला. गावे, बेटे, वळणे, पुळणी सारे त्याने टिपले. परंतु तो चार तास पाळी करी आणि चार तास झोपे, त्यामुळे झोपेच्या वेळी गेलेली नदी वहीत कोरीच राही.

वही पाठ झाली तेव्हा गुरूंनी सांगितले, की आता नदीचा आकार पाठ कर. अंधारात आपल्या घराच्या ओसरीवरून माणूस जसा दिव्यावाचून चालतो, तसे पायलटला नदीवरून चालता आले पाहिजे. चांदण्यात किनारा एक दिसतो, धुक्यात दुसरा, काळोख्या रात्री तिसरा. डोळ्यांना काहीही दिसो, मनातील आकारावर भरवसा ठेवून बोट हाकावयाची. त्यातही जाताना पाठ केलेला किनारा परतताना उलटा दिसे, आणि तोही नव्याने शिकावा लागे.

त्यानंतर पाण्याचा पृष्ठभाग वाचण्याचा पाठ आला. एकदा पाण्यावर एक तिरपी रेघ दिसली. तिच्याखाली पुळण असून तिच्यावर चढल्यास बोट फुटेल, असे बिक्सबींनी दाखविले. पुढे तशीच रेघ दिसताच सॅमने घाबरून बोट वळविली. परंतु ती नुसत्या वाऱ्याने उमटलेली रेघ होती. गुरूंनी त्याला मुद्दाम तिच्यावरून बोट न्यावयास लावली. दोन्ही रेघा दिसावयास सारख्या. भेद कसा ओळखावा, हे शब्दांनी सांगता येत नव्हते. ते ज्याचे त्याला अनुभवानेच कळावयाचे होते. आणि हळूहळू त्याला ते कळूही लागले. मात्र त्यात त्याचे थोडे नुकसानही झाले. पूर्वी नदीवरचा सूर्यास्त पाहून तो देहभान विसरे. आता तोच सोनेरी रंग पाहिला, की उद्या वारा सुटणार, एवढेच मनात येई. ज्ञानाने एक आनंद दिला आणि दुसरा हिरावून घेतला, हे त्याने पुढे खेदाने लिहून ठेवले आहे.

एक पाठ तर विलक्षणच होता. सॅमला चांगल्या माहीत असलेल्या, अथांग पाण्याच्या एका ठिकाणी बिक्सबींनी बोट त्याच्या स्वाधीन केली आणि ते खाली निघून गेले. बोटीच्या कडेला उभा असलेला खलाशी शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली मोजतो आणि ती ओरडून सांगतो. या खलाशांना बिक्सबींनी गुपचूप शिकवून ठेवले होते. त्यांनी एकाहून एक उथळ पाण्याचे पुकारे सुरू केले. सॅमचे हातपाय गळाले. येथे तळ लागणे शक्य नाही, हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने घाईघाईने घंटा वाजविली आणि बोट मागे घेण्यासाठी यंत्रवाल्याची विनवणी केली. तोच खाली लपून पाहणाऱ्यांत हशा पिकला. बिक्सबी पुढे आले आणि त्यांनी त्याला समज दिली. आपण कष्टाने मिळविलेल्या ज्ञानावरचा विश्वास कोणाच्याही ओरडण्याने ढळू देऊ नये, आणि संकटाच्या जागी भ्यालेल्या मनाने काहीच साधत नाही. सॅमला फार लाज वाटली. परंतु तो धडा तो जन्मभर विसरला नाही.

असे शिक्षण चालू असतानाच त्याच्यावर मोठा आघात झाला. हेन्री नावाचा त्याचा एक धाकटा भाऊ होता. तो शांत, सालस आणि सरळ स्वभावाचा होता. सॅमने खटपट करून त्याला आपण असलेल्या पेनसिल्व्हेनिया नावाच्या आगबोटीवर कारकुनाच्या हाताखाली लावून दिले. या कामाला पगार नव्हता, पण पुढे बढतीची आशा होती. त्या बोटीवर बिक्सबी नव्हते. तेथील पायलट तापट होता. एके दिवशी त्याने हेन्रीवर खोटा आळ घेऊन हात उगारला. भावाचा अपमान सॅमला सहन झाला नाही. त्याने तेथील एक तिवई उचलून त्या पायलटवर प्रहार केला. काही वेळ सुकाणूवर कोणीच नव्हते, इतका प्रसंग हातघाईवर आला. कप्तानाने सॅमला शिक्षा केली नाही. परंतु तो पायलट त्याच्याबरोबर काम करावयास तयार होईना, आणि न्यू ऑर्लिन्समध्ये दुसरा पायलट मिळेना. त्यामुळे सॅमला बोट सोडून मागे राहावे लागले. हेन्री पुढे गेला. दोन दिवसांनी सॅम दुसऱ्या बोटीने निघाला.

१३ जून १८५८ रोजी पहाटे, मेम्फिस शहराच्या खालच्या अंगास, पेनसिल्व्हेनियाचे बॉयलर फुटले. जळती वाफ, लाकडांचा चुराडा आणि मागोमाग आग यांत अनेक माणसे प्राणास मुकली. हेन्रीही भाजून गंभीर जखमी झाला. आपण फारसे जखमी नाही असे समजून तो इतरांना वाचविण्यासाठी जळत्या बोटीकडे पोहत परतला होता, असे सॅमने पुढे लिहिले आहे. वाटेत बातमी कळताच सॅम मेम्फिसला धावला. जखमींच्या रांगेत भावाच्या अंथरुणापाशी तो दिवसरात्र बसून राहिला. २१ जूनला हेन्रीने प्राण सोडला. तो वीस वर्षांचाही नव्हता.

त्याला या बोटीवर आपणच आणले, आणि त्या दिवशी आपणच तेथे नव्हतो, ही टोचणी सॅमच्या मनातून कधीच गेली नाही. दुसरा एखादा नदीचे तोंड पाहता ना. सॅम मात्र पुन्हा चाकापाशी जाऊन उभा राहिला. अपुरे राहिलेले शिक्षण त्याने नेटाने पुरे केले, आणि ९ एप्रिल १८५९ रोजी त्याला पायलटचा परवाना मिळाला. गावातील मुलांचे स्वप्न त्याने खरे करून दाखविले होते. पगारही उत्तम होता. हाच व्यवसाय जन्मभर करावा असे त्याच्या मनात होते.

पण १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तर आणि दक्षिण परस्परांवर उठल्या आणि मिसिसिपीवरील व्यापार बंद पडला. चार वर्षे खपून मिळविलेली विद्या एका महिन्यात निरुपयोगी झाली. सॅम थोरल्या भावाबरोबर घोडागाडीने दूर पश्चिमेस नेव्हाडा प्रदेशात गेला. तेथे त्याने चांदीच्या खाणींत नशीब अजमावून पाहिले. हाती काहीच लागले नाही. अखेर तो एका वर्तमानपत्रात बातमीदार झाला. १८६३ च्या फेब्रुवारीत लेखाखाली सही करावयाची वेळ आली, तेव्हा त्याने एक नवे नाव धारण केले. ते नाव म्हणजे मार्क ट्वेन.

हा नदीवरचा पुकारा आहे. दोन्ही हात पसरले असता जी लांबी होते, तिला आपण वाव म्हणतो. ती सुमारे सहा फूट भरते. पाणी दोन वाव, म्हणजे बारा फूट खोल असले, की शिशाची दोरी टाकणारा खलाशी मार्क ट्वेन असे ओरडे. त्याचा अर्थ दोन वावांची खूण. उथळ पाण्यातून चाचपडत येणाऱ्या बोटीवर हा पुकारा ऐकू आला, की आता बोटीखाली पुरेसे पाणी आहे, असे समजून सर्वांच्या जिवात जीव येई. नदी सुटली, पण तिचा हा धीराचा शब्द त्याने आपल्या नावात जपून ठेवला.

पुढे त्याच्या विनोदी लेखनाची कीर्ती वेगाने पसरली. १८७० मध्ये त्याचा विवाह झाला. १८७६ मध्ये त्याने टॉम सॉयर या खोडकर मुलाची कथा प्रसिद्ध केली. त्यातील गाव म्हणजे नाव बदललेले हॅनिबलच होय. १८८२ मध्ये, एकवीस वर्षांनी, तो पुन्हा मिसिसिपीवर गेला. सेंट लुईसच्या ज्या धक्क्यावर पूर्वी आगबोटींची दाटी असे, तेथे आता मोजक्याच बोटी उभ्या होत्या. आगगाडीने त्यांचा धंदा हिरावून घेतला होता. काठावर सरकारी दिवे लागले होते, आणि स्मरणशक्तीवर बोट हाकण्याचे दिवस संपले होते. या प्रवासात त्याला बिक्सबी भेटले. ते आता एका मोठ्या आगबोटीचे कप्तान होते. गुरुशिष्यांनी त्या बोटीतून नदीवर एकत्र प्रवास केला. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, मिसिसिपीवरील जीवनाविषयीचे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. वर सांगितलेले अनेक प्रसंग त्यातच त्याने वर्णिले आहेत.

या प्रवासाने आणखी एक अर्धवट राहिलेले काम पुरे झाले. ते म्हणजे हकलबरी फिन या मुलाची कादंबरी. ती १८८४ मध्ये इंग्लंडमध्ये आणि १८८५ मध्ये अमेरिकेत निघाली. हक हा निराधार मुलगा आणि जिम हा पळून आलेला गुलाम एका तराफ्यावर राहतात. दिवसा झाडीत दडतात आणि रात्री प्रवाहाबरोबर वाहत जातात. ओहायो नदीच्या संगमापाशी वळून गुलामगिरी नसलेल्या राज्यांत जावे, हा त्यांचा बेत. परंतु धुक्यात संगम मागे राहतो आणि नदी त्यांना गुलामगिरीच्या मुलखात खोल घेऊन जाते. पळालेला गुलाम धन्याला परत न करणे हे पाप, असे हकला लहानपणापासून शिकविलेले असते. म्हणून तो जिमचा ठावठिकाणा कळविणारे पत्र लिहितो. परंतु तराफ्यावर जिमने लावलेली माया त्याला आठवते, आणि शिक्षा भोगावयाची तयारी ठेवून तो ते पत्र फाडून टाकतो. ही कादंबरी निघाली तेव्हा अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने बंद होऊन वीस वर्षे होत आली होती. तरी काळ्या माणसाला माणूस मानावयास पुष्कळ लोक तयार नव्हते. काकांच्या शेतावरील त्या प्रौढ गृहस्थाच्या ऋणातून जणू ट्वेन अशा रीतीने उतराई झाला.

पाण्यावरची ओढ त्याला उतारवयातही सुटली नाही. १८९१ च्या सप्टेंबरात त्याने फ्रान्समध्ये एक सपाट तळाची होडी घेतली आणि बूर्जे सरोवरातून निघून रोन नदीवरून आर्ल शहरापर्यंत सुमारे दहा दिवस तो संथपणे वाहत गेला. त्यानंतर त्याच्यावर आर्थिक संकट कोसळले. प्रकाशनाच्या व्यवसायात आणि खिळे जुळविण्याच्या एका यंत्रात घातलेला पैसा बुडून १८९४ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. कायद्याप्रमाणे त्याला सर्व देणे फेडण्याची सक्ती नव्हती. परंतु पै न् पै फेडावयाची असा निश्चय करून, साठीच्या उंबरठ्यावर तो व्याख्याने देत जगाच्या प्रवासास निघाला. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईस आला आणि तेथील वॉटसन हॉटेलात उतरला. खिडकीपाशी येऊन कलकलाट करणाऱ्या कावळ्यांचे त्याने केलेले वर्णन वाचून आजही हसू आवरत नाही. पुढे काशीस गेला असता तो गंगेवरही नावेतून फिरला आणि घाटांवरची गर्दी त्याने डोळे भरून पाहिली. १८९८ पर्यंत त्याने सर्व कर्ज फेडले. २१ एप्रिल १९१० रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, कनेक्टिकट राज्यातील रेडिंग येथे त्याचे देहावसान झाले.

ज्याची शाळा लहानपणीच सुटली, त्याला नदीने शिकविले. नीट पाहावे, पाहिलेले ध्यानात ठेवावे, आणि आपल्या हाती इतरांचे प्राण आहेत याचा क्षणभरही विसर पडू देऊ नये, हे तिचे पाठ होते. पुढे हातात सुकाणूऐवजी लेखणी आली, तरी त्याने हे पाठ सोडले नाहीत. हॅनिबल गावातील त्याचे बालपणीचे घर जतन करून ठेवले आहे. ते पाहावयास दूरदूरचे लोक येतात, आणि तेथून थोड्याच अंतरावर मिसिसिपी आजही आपला गाळ वाहत दक्षिणेकडे जात असते.